बहुरूप्यांना निकेल

आबा गेल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी, आणि त्यांच्या मुलाने, उदयसिंहने, ती आबांपेक्षाही थाटात करायची ठरवली होती. ज्या कारखान्याचा दसऱ्यानंतर सौदा व्हायचा होता, त्यातल्या यंत्रांना इतका झेंडू उभ्या हयातीत मिळाला नव्हता. लेथ, मिलिंग, आबांचे हाताने फिरवायचे जुने ड्रिल, सगळी रॉकेलने पुसून हळदकुंकू लावून सज्ज होती. दाराच्या दोन्ही बाजूंना ऊस उभे केले होते, उंबऱ्यावर कोहळा फोडून झाला होता आणि कामगार पेढ्यांचे पुडे घेऊन घरोघर गेले होते. विकायच्या बैलाला बाजाराच्या सकाळी धुऊन, शिंगे रंगवून उभे करतात, तसा तो पत्र्याचा कारखाना उद्यमनगरच्या दुपारी उभा आहे, असे संयोगिताला फाटकातून आत येताना वाटले, आणि वाटल्याबरोबर तिने ते मनातून पुसून टाकले. आज तिला कडू व्हायचे नव्हते. आज ती सही करायला आली होती.

सही हक्कसोडपत्रावर करायची होती. कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, आणि घरांनी तो परत घेण्याची रीत तितक्याच तत्परतेने शोधून काढली. बहिणीने ‘मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाविना, भावावरील प्रेमापोटी हक्क सोडते’ असे लिहून द्यायचे आणि भावाने तिला साडीचोळी करायची. जी लिहून देते तिला माहेर राहते. जी देत नाही तिला कोर्ट राहते. संयोगिता विद्यापीठात इतिहास शिकवत होती. संस्थानी काळातल्या बायकांच्या वतनांवर तिने मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्यात एक वाक्य होते, जे लिहिताना ती स्वतःवरच फार खूष झाली होती: ‘माहेर ही जगातली एकमेव मिळकत आहे, जी न मागण्याच्या अटीवरच मिळते.’ ते वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकांत लिहीत आणि गुण मिळवीत. लेखिका मात्र आज पर्समध्ये चष्मा घेऊन ती अट पाळायला निघाली होती.

उन्हाळ्यात तिने फोनवर फक्त एवढेच विचारले होते, ‘कारखाना विकायचा कशाला, दादा?’ त्यानंतर पंचमीला तिला न्यायला कोणी आले नाही. आईला फोन लावला, की तो उदयसिंहची बायको पूर्णिमा उचले आणि आई झोपली आहे असे सांगे. आई इतकी झोपत नव्हती. संयोगिताच्या यजमानांनी ‘तू ठरवशील ते’ असे म्हणून, उदार दिसत, अंग काढून घेतले होते. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून तिने दोन महिने आईच्या न लागणाऱ्या फोनकडे पाहिले, आणि मग तिचा ग्रंथ हरला.

पण खरे सांगायचे तर ती आईमुळे जितकी नमली, तितकीच बहुरूप्यांमुळे.

‘साडी न्हाय देत तुला,’ उदयसिंह फोनवर म्हणाला होता. ‘तू कुठं नेसणार हायस? आबांचे बहुरूपी देतो. सगळेच्या सगळे. तुझाच जीव हुता त्यांच्यावर.’

पन्नाशीला आलेल्या त्या बाईला फोनवर रडू आवरेना.

बहुरूपी हा आबांचा शब्द. मोटारीचे, विमानाचे, प्राण्याचे रूप टाकून हातपाय फुटलेला माणूस होणारे रोबो. पहिला आला तो पंच्याऐंशीच्या सुमारास, आबांच्या मस्कतला फिटर असलेल्या दोस्ताने आणलेला: जस्ताच्या ओतकामाचे लढाऊ विमान, लोखंडी तराजूच्या मापासारखे जड, ज्याचे नाक छातीत मिटले की शेपटीचे पाय होत. आबा स्वतः साचे कोरणारे. त्यांनी तो आठवडाभर मुलाच्या हाती दिलाच नाही. भिंगाखाली धरून सांधे पाहत बसले. ‘ह्यो कुणी केलाय त्येला माझा नमस्कार,’ एवढेच म्हणाले. मग मनगटी घड्याळाचा आला, ज्याचा पट्टा सोडवला की इवलासा माणूस उभा राही. मग टेपरेकॉर्डरचा, ज्याच्या झाकणातून कॅसेटचा पक्षी बाहेर पडे. नव्वदीत धातू महागला आणि प्लॅस्टिक आले. त्यातली पाच बांधकामाची यंत्रे एकमेकांना जोडली, की एकच अगडबंब राक्षस होई. आबा त्याला ‘आपली सहकारी संस्था’ म्हणत. ‘सुटी असताना झ्याक चालत्यात. येक झाली की जाग्यावरनं हालत न्हाईत.’ पुढे गोरिला आला, गेंडा आला. उदयसिंहचा मुलगा विश्वजित याच्या लहानपणी सिनेमाची लाट आली आणि तिच्याबरोबर आली ती पिवळी मोटार, जिची घडी उलगडायला माणसाला एक दुपार पुरत नसे. शेवटचा आवाजावर चालणारा. ‘उठ’ म्हटले की आपोआप माणूस होई. आबांनी तो एकदाच चालवून पाहिला आणि खोक्यात घातला. ‘ह्येला हात लावावा लागत न्हाय. मग आपन कशाला हाय?’

खंडेनवमीला हे सारे पूजेत बसत. ज्याला सांधा आहे ते हत्यार, असा आबांचा निवाडा होता. नवमीला ते गाड्या, विमाने, जनावरे अशा मिटलेल्या रूपात मायक्रोमीटरच्या आणि पान्यांच्या ओळीत मांडले जात, आणि दसऱ्याच्या सकाळी एकेक उलगडून माणसे होऊन सीमोल्लंघनाला निघत. उलगडायचा मान अर्थात मुलाचा; हात मात्र आबांचाच फिरे. मुलीने रांगोळी काढायची. संयोगिताने तीस वर्षे रांगोळी काढता काढता डोळ्यांनी ते सांधे पाठ केले, जसे तिच्या अभ्यासातल्या बायकांनी पडद्याआडून दरबार पाठ केले होते. पुढे आबांचा हात कापू लागला, आणि उदयसिंहला वेळ नव्हता. शेवटची काही वर्षे दसऱ्याला आबा तिलाच बोलावून घेत. ती फिरवी, आबा पाहत. कुठे अडले तर बोटाने हवेत दाखवीत, बोलत नसत. बापलेकीत त्याहून अधिक संभाषण झाल्याचे तिला आठवत नव्हते, आणि त्याहून अधिकाची गरज भासल्याचेही आठवत नव्हते.

‘आलीस व्हय? ये, ये,’ उदयसिंहने पुढे होऊन तिच्या हातातली मिठाई घेतली. पांढरा शुभ्र शर्ट, कपाळाला टिळा, आवाजात न मावणारा जिव्हाळा. ‘आत्या, ही बघा तुमची प्राध्यापकीण.’

आबांची धाकटी बहीण चिमणाबाई वारणानगरहून सकाळच्या गाडीने आली होती आणि लेथजवळ खुर्ची टाकून पाय लांब करून बसली होती. ‘ये बाई. किती वाळलीयास! पुस्तकं खाऊन प्वाट भरतंय व्हय गं?’

‘तुम्हांला बघितलं की भरतंय, आत्या.’

‘बग, त्वांड कसं चालतंय. ह्यो वकिलाचा कागद वाचून घे म्हनावं पोरीला, पर त्यात बी चुका काडंल.’

सगळे हसले. आई हसली नाही. अंबूबाई भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बसल्या होत्या आणि पूजेकडे पाहत होत्या. संयोगिता पायाशी वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला, आणि काढून घेतला. पूर्णिमा निरांजनात वात सारखी करत होती. तिने मान वर केली नाही.

मग संयोगिताने पूजा पाहिली.

आबांच्या बाकावर लाल कापड अंथरले होते, त्यावर हत्यारे होती, आणि हत्यारांपुढे बहुरूपी एका रांगेत उभे होते. ते इतके झळाळत होते, की प्रथम तिने त्यांना ओळखलेच नाही. विमानाचा घासलेला लाल रंग गेला होता, पिवळ्या मोटारीचा पिवळा गेला होता, गोरिलाचा काळा गेला होता. सगळे एकाच चंदेरी रंगाचे, स्पर्धेत वाटायच्या ढालींसारखे.

‘कसं काय?’ उदयसिंह तिच्या तोंडाकडे पाहत होता; त्याच्या डोळ्यांत खरोखरीच लहान मुलाची उत्सुकता होती, आणि तिला पुढे कितीतरी दिवस छळले ते त्याच उत्सुकतेने. ‘प्लेटिंगवाल्याला सांगून करून घेतलं. धातूच्याला निकेल. प्लॅस्टिकच्याला चंदेरी फवारा आणि वरनं लॅकरचा हात. तुला द्यायचं म्हटल्यावर जुनंपुरानं कसं देऊ? आता बघायला नको. जलमभर गंजत न्हाईत.’

ही चूक उद्यमनगरात वाढलेल्या माणसालाच सुचावी अशी होती. तिथे ज्याचा मान राखायचा त्याला मुलामा देतात. बुलेटच्या सायलेन्सरला देतात, देवळाच्या घंटेला देतात, निवृत्त होणाऱ्या फोरमनला द्यायच्या पान्यालासुद्धा देतात.

‘छान झालेत,’ ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हणण्याचा प्रयत्न केला. ‘पण दादा, आज नवमी. हे उभे का?’

‘म्हंजे?’

‘नवमीला ते मिटलेले असतात. माणसं उद्या व्हायची.’

‘आयला, ते राहिलंच की!’ त्याने कपाळावर हात मारला. ‘चालतंय गं. एक दिस आधी उठले म्हणायचं.’

‘वकील यायचे हायत जेवायला,’ चिमणाबाई म्हणाली. ‘तेवडं उरकून घ्या बाबांनो. मला चारची गाडी गाठायची हाय.’

उदयसिंहने बाकाच्या खणातून मसुदा काढला आणि बहुरूप्यांच्या शेजारी लाल कापडावर ठेवला. नोंदणी दसऱ्यानंतर कचेरीत व्हायची होती. पण पहिली सही आबांच्या बाकावर, हत्यारांच्या साक्षीने व्हावी ही त्याची कल्पना. ‘आईनं कालच केलीय,’ तो सहज म्हणाला.

संयोगिताने आईकडे पाहिले. अंबूबाई पूजेकडे पाहत होत्या. कागदाच्या तळाशी ती सही होती, शाळेत शिकलेल्या, एकेक अक्षर सुटे काढलेल्या वळणाची. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. वर ‘स्वखुशीने’ हा शब्द वकिलाने ठसठशीत करून घेतला होता, ज्याअर्थी तो असा ठसठशीत करावा लागतो त्याअर्थी काय समजायचे हे तिने वर्गात कित्येकदा सांगितले होते. तिने चष्मा लावला. पेन उघडले. 

‘थांब,’ ती म्हणाली. ‘आधी ह्यांना मिटवून ठेवते. मग सही.’

‘कर की. तुझेच हायत,’ उदयसिंह मोकळेपणाने हसला.

तिने विमानाचा माणूस उचलला. अंगठा आपोआप छातीच्या खालच्या कडेला गेला; तिथे किंचित दाबून वर ढकलले की नाक सुटते आणि पुढचे सारे हाताला आपोआप कळते. तिने दाबले. नाक सुटले नाही. तिने गुडघे दुमडून पाहिले. गुडघ्यांच्या फटीत निकेलचा पातळ, गुळगुळीत थर बसला होता. फट उरलीच नव्हती. तिने घड्याळाचा माणूस घेतला, मग टेपरेकॉर्डरचा. गोरिलाच्या खांद्यात लॅकर मधासारखे गोठले होते. पिवळ्या मोटारीचे शंभर तुकडे एकमेकांना असे चिकटले होते, की ती आता एकच वस्तू होती, माणसाच्या आकाराची.

‘फिरत नाही,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘एकही फिरत नाही, दादा.’

‘जाम झाला असंल. नवं प्लेटिंग हाय. आण हिकडं.’ त्याने मोटारीचा माणूस तिच्या हातातून घेतला, छातीशी धरला आणि त्याचा दंड पिळला. पाना पिळायची सवय असलेला तो हात. वाळली काडी मोडावी एवढा आवाज झाला. दंड त्याच्या मुठीत आला. मोडलेल्या जागी चंदेरी सालीखाली पिवळा रंग दिसला.

उदयसिंहने मूठ उघडून त्या दंडाकडे पाहिले.

‘गमानं बसतंय,’ उदयसिंह म्हणाला. त्याने हात पूजेत ठेवला, धडाच्या बाजूला नीट मांडून. ‘शोच्या वस्तू ह्या, संयू. काचेच्या कपाटात ठेवायच्या. आता या वयात खेळत बसणार हायस व्हय तू?’

‘यातला एक तरी तू कधी फिरवला आहेस का?’

‘मी? माझ्यासाठीच आणलेले की ते.’

‘ते माहीत आहे. फिरवलास का, विचारतेय.’

उदयसिंह शर्टावरची चंदेरी साल झटकू लागला. उत्तराची गरजही नव्हती. एवढ्या वर्षांत त्याच्यासाठी आणलेले, त्याच्या नावाने पूजलेले, त्याच्या मानाचे असलेले ते सांधे त्याला ठाऊकच नव्हते. असते, तर त्यांवर मुलामा द्यायचे त्याच्या मनात आले नसते. त्याने ते खराब केले नव्हते. त्याने फक्त, त्यांच्यात काय होते हे न कळता, ते फार प्रेमाने बंद केले होते. अन् ही भेट तो तिला देत होता, आणि बदल्यात ती ह्या बाकापासून दारातल्या उसापर्यंत सारे त्याला देणार होती. संयोगिताने पेनाला टोपण लावले. राग आला तेव्हा तिच्या लक्षात आले, की तो आत्ता आलेला नाही. तो बसूनच होता, आज फक्त उठला.

‘सही राहू दे,’ ती म्हणाली.

‘काय झालं?’

‘मी सही करणार नाही.’

उदयसिंहचे हसू तोंडावर तसेच राहिले. त्यातला अर्थ तेवढा निघून गेला. ‘एका खेळण्यापायी? संयू, एका खेळण्यापायी तू सही अडवालीस?’

‘सही तू खेळण्यांवरच मागितलीस, दादा.’

‘लोक काय म्हणतील ते बघ. आबांना जाऊन वरीस झालं न्हाय, आणि लेक वाटणी मागती!’

‘मी काही मागत नाही. जे आहे ते देत नाही, एवढंच. कारखाना विकायचा की नाही हे आता आपण दोघं मिळून ठरवू.’

‘अगं बाई!’ चिमणाबाई खुर्चीत पुढे सरकली. ‘शानी हायस न्हवं तू? मी सही केली न्हाय? तुझ्या बाला मी सारी नदीकाठची जमीन लिवून दिली, आणि त्यानं मला एक इरकल नेसवली. तवापासनं माझं माहेर हाय. दर दसऱ्याला बोलावणं येतंय. तुला काय पायजे, जमीन का माणसं?’

‘दोन्ही का नकोत, आत्या?’

‘दोन्ही कुणाला मिळाल्यात?’

‘दादाला.’

नेमके याच वेळी, निरांजनाचे तबक हातात तसेच धरून, पूर्णिमाने तोंड उघडले. तिचा आवाज इतका खालचा होता, की आधी कोणाला कळले नाही ती कोणाशी बोलते आहे.

‘ताईंनी सही केली, तर मला कागलला माहेरी जाऊ द्याल?’

‘आता तुझं काय मधीच?’ उदयसिंह म्हणाला.

‘माझ्या भावानं बी असाच कागद केलाय. हायवेकडच्या रानाचा. मी सही करतो म्हटलं. तुम्ही करू दिला न्हाईसा.’ तिने तबक बाकावर ठेवले. ‘कायद्यानं तुझा वाटा हाय, कशाला सोडायचा, म्हणालासा. राखीला भाऊ आला न्हाय. भाऊबीजेला बी येणार न्हाय तो.’

‘ते येगळं हाय.’

‘काय येगळं हाय?’

‘ती जमीन हाय. हा धंदा हाय. इथं मी राबलोय.’

‘तिथं माझा भाऊ राबलाय.’

चिमणाबाईने पुतण्याकडे असे पाहिले, जसे बाजारात वजन करताना तराजूच्या काट्याकडे पाहतात. ‘व्हय रं उदय? बायकूचा वाटा घ्यायचा आणि भनीचा सोडवून घ्यायचा? दोन्ही हातांनी?’

‘आत्या, तुम्ही यात पडू नका.’

‘मी आधीच पडलोय बाबा, इरकल नेसून.’ ती पुन्हा मागे टेकली. ‘चालू द्या तुमचं.’

संयोगिताला त्या क्षणी जो आनंद झाला तो फारसा स्वच्छ नव्हता, आणि तिला ते कळत होते. ती पूर्णिमाकडे वळली. ‘वहिनी...’

‘मी तुमच्या बाजूनं न्हाय बोललो, ताई.’ पूर्णिमाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिले. त्यात मैत्री नव्हती. ‘तुम्ही सही केलीसा तर मला बी करता येईल, म्हणून इचारलं. घरात रीत तरी एक असावी. मला रान नको. मला भाऊ पायजे. तुम्ही आता न्हाय म्हटलासा, की हे मला म्हणणार, बघ, शिकलेली बाई बी सोडत न्हाय, तू कशाला सोडतीस?’

यावर संयोगिताच्या ग्रंथात काही नव्हते. तिच्या ग्रंथात बाया हक्क सोडत किंवा हक्कासाठी लढत. ज्या बाईला तिचा हक्क नवऱ्यासाठी सक्तीने धरून ठेवायला लावतात, तिच्यासाठी तिने एक तळटीपही लिहिली नव्हती. ‘तुमची सही तुमची आहे, वहिनी,’ ती सावकाश म्हणाली. ‘करायची तर करा. ती दादाची नाही. तशी माझीही दादाची नाही.’

‘बोलायला सोपं हाय,’ पूर्णिमा म्हणाली आणि पुन्हा वातीकडे वळली.

उदयसिंहने मसुदा उचलून त्याची घडी केली. तो ओरडला नाही. आवाज चढवणे हे त्याच्या रागाचे लक्षण नव्हतेच. राग आला, की तो आबांसारखा संथ बोले, आणि ते साम्य त्या दुपारी संयोगिताला सहन झाले नाही.

‘ऐक. बिल्डरला मी शब्द दिलाय. तू सही केली न्हाईस, तर कोर्टात जाऊ. वर्षंच्या वर्षं जातील, पत्र्याला गंज चढंल, तुला काय मिळायचं न्हाय आणि मला बी न्हाय. पण एक आत्ताच सांगतो. सही न्हाय, तर माहेर न्हाय. पंचमी न्हाय, दिवाळी न्हाय. माझ्या दारात यायचं न्हाय. आई आजारी पडली तरी न्हाय.’

‘आईचं आई ठरवेल.’

‘इचार की तिला. समोर बसलीय.’

सगळ्यांनी अंबूबाईंकडे पाहिले. त्या अजून पूजेकडेच पाहत होत्या. त्यांनी कालच सही केली होती. त्यांचे म्हणणे कागदाच्या तळाशी सुट्या अक्षरांत लिहिलेले होते.

‘मला काय इचारता?’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘मला याच्याच घरात मरायचं हाय.’

जिंकल्यावर माणसाच्या तोंडावर जे दिसते ते उदयसिंहच्या तोंडावर नव्हते. त्याने मान फिरवली आणि उगाच मायक्रोमीटर सरळ केला, जो सरळच होता.

‘बहुरूपी बी न्यायचे न्हाईत मग,’ तो पूजेकडे तोंड करून म्हणाला.

‘नको,’ संयोगिता म्हणाली. ‘ते तुझ्यासाठीच आणलेले होते.’

तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. चिमणाबाईच्या पाया पडली. आत्याने तिच्या गालावरून बोटे उतरवून कानशिलावर मोडली आणि ‘लई बाची लेक हायस’ असे पुटपुटली, जे कौतुक होते की दोष, हे तिलाही ठाऊक नसावे. पूर्णिमाने कुंकवाचा करंडा पुढे केला. दोघींनी एकमेकींना कुंकू लावले, रीत म्हणून, आणि पूर्णिमाचे बोट कपाळावर क्षणभर टेकून राहिले, जणू तिथे अजून काही लिहायचे होते.

मग संयोगिता आईजवळ गेली आणि वाकली. पायांवर डोके टेकले तेव्हा वरून आईचा श्वास ऐकू आला. अंबूबाईंनी तिला उठवण्यासाठी दोन्ही खांदे धरले; पण उठवले नाही. वाकलेलीच ठेवली, आणि स्वतः तिच्या कानाशी वाकल्या, इतक्या, की पाहणाऱ्याला त्या आशीर्वाद देत आहेत असे वाटावे.

‘सही करू नगंस,’ आई म्हणाली. ‘आनि हितं येऊ बी नगंस.’

मग त्यांनी तिला उठवले.

संयोगिताने आईच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड पुन्हा पूजेकडे वळले होते, आणि त्यावर काहीही नव्हते; तिथे काही आहे असे या घरातल्या कोणालाही कधी सिद्ध करता आले नसते.

‘बरं, आई,’ ती म्हणाली. आणि आईचे ऐकून ती उसांमधून, कोहळ्याच्या फोडींवरून पाय उचलून टाकत, फाटकाकडे निघाली.